दोन घरचा पाहुणा

नेब्रास्कात विधिमंडळाला घर एकच.
बाकीच्या एकोणपन्नास राज्यांत दोन-दोन, वरचं नि खालचं.
आमच्याकडे आमदार मात्र नेमके एकोणपन्नास.
आकडा जुळला तो योगायोगाने,
पण शाळेच्या सहलींना फार आवडतो.

मी त्यांची बोलणी टाइप करते.
कानात हेडफोन, पायाखाली पेडल :
दाबलं की आमदार बोलतो,
सोडलं की गप्प.
एवढी सत्ता इथे सभापतीलाही नाही.

माझे पणजोबा मातेय झ्वोलानेक
जुन्या खालच्या घरात होते, शंभरांतले एक.
वरच्या घरात तेहतीस वेगळे.
खाली मंजूर झालेलं वर अडायचं,
मग दोन्हीकडचे पाच-सहा जण दार लावून बसायचे
आणि विधेयक बाहेर यायचं नाक-डोळे बदलून.
कोणी बदललं?
सगळे छताकडे बघायचे.
पणजोबांचं विधेयक एवढंसं :
दूध मोजायचा काटा खरा असावा.
तीन अधिवेशनं ते या घरून त्या घरी हिंडलं,
दोन घरचा पाहुणा,
उपाशीच मेलं.

मग धुळीची वर्षं आली.
खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबून जगणाऱ्या लोकांनी
मतदान करून एक घर मोडलं.
एकशे तेहतिसांचे उरले त्रेचाळीस.
स्वतःची खुर्ची जाणार हे ठाऊक असून
पणजोबांनी 'होय' म्हणून मत दिलं,
असं आमच्याकडे सांगतात.
धाकटी आत्या म्हणते, खोटं.
'नाही' म्हणून दिलं,
हरल्यावर गोष्ट बदलली.

पूर्वेकडचं रिकामं सभागृह अजून आहे.
दार इतकं जड की ढकलायला खांदा लागतो.
ज्यांची ही जमीन, ते त्या दारावर, लाकडात कोरलेले.
आत कोण बसायचं
ते वेगळं सांगायला नको.

आताच्या घरात पक्षांच्या रांगा नाहीत.
कागदावर पक्ष नाही,
माझ्या टायपिंगमध्येही येत नाही,
आवाजात येतो.
पगार वर्षाला बारा हजार डॉलर,
म्हणून येतो तो ज्याला परवडतं :
वकील, निवृत्त मुख्याध्यापक, गुरांचा मालक,
जिच्या नवऱ्याची नोकरी पक्की आहे अशी एखादी.
रात्रपाळीचा कामगार
आमदार म्हणून माझ्या कानात अजून बोललेला नाही.

साक्षीदार म्हणून बोलतो.
इथे प्रत्येक विधेयकाला सुनावणी,
कुणीही यावं, नाव सांगावं, स्पेलिंग सांगावं.
तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, लाल.
दुसरं सभागृह ते हेच, असं इथले लोक अभिमानाने म्हणतात.

फेब्रुवारीत गुले खलफ आली.
सिंजारची, आता मांसाच्या कारखान्यात हाडं सोलते.
विधेयक होतं दवाखान्यांत दुभाषी ठेवण्याचं.
नाव सांगितलं, स्पेलिंग दोनदा सांगितलं.
म्हणाली,
डॉक्टर जे बोलला ते माझ्या मुलाने मला सांगितलं.
मुलगा अकरा वर्षांचा.
आजार त्याच्या बापाचा.

आणि मग काही नाही.

मी पेडल दाबून धरलेलं.
एक मिनिट चाळीस सेकंद.
एक खुर्ची करकरली,
कुणीतरी ग्लासात पाणी ओतलं,
अध्यक्षीणबाई हळूच म्हणाल्या, सावकाश.
तोवर लाल दिवा लागला असणार.
दिवा काही ऐकू येत नाही.

आमच्या नियमांच्या वहीत
'अस्पष्ट' कसं लिहावं ते आहे,
'हशा' कसा लिहावा ते आहे.
शांततेला शब्द नाही.
मी चार ओळी कोऱ्या सोडल्या.
सोमवारी वरिष्ठांनी त्या मिटवून मजकूर जुळवून घेतला,
रागावले नाहीत, चूक समजले.
आता कागदावर 'बापाचा' नंतर लगेच
'धन्यवाद, पुढचे साक्षीदार.'

विधेयक अजून समितीत आहे.
घर एकच, तरी
पाहुणा बाहेर ओसरीवर बसलेला,
आतून भांड्यांचा आवाज येतोय.