तिसरा पडदा, जाडी तार

नऊ हजार आठशेला घेतला.
कॅम्पातल्या दुकानात, खोक्यावर देशाचं नाव होतं
ते चिकटपट्टीखाली गेलेलं.
दुकानदार म्हणाला, साधी गिटार घ्या की मॅडम,
बेस वाजवलेला कुणाला कळतोय.

मी उद्यमबागेत इन्स्पेक्शनला.
पंपाच्या चारशे कास्टिंगांवरून रोज बोट फिरतं,
कुठं बर राहिलाय ते नखाला आधी कळतं, डोळ्याला मागनं.
म्हणून घरी आणला तो आधी वाजवला नाही.
टेबलावर चादर घालून आडवा निजवला
आणि सवयीनं वही काढली.

बॉडी प्लायची. रंग जाड, ओल्या साबणावर असतो तसा चकाकणारा.
मान बसते त्या खोबणीत फट. फीलर गेज घातला: शून्य पॉइंट सहा.
मानेला पुढं बाक.
बाराव्या पडद्यावर तार साडेतीन मिलिमीटर उंच,
खालनं मुंगी मान वर करून जाईल.
पडद्यांची टोकं दोन्ही कडेनं बाहेर,
लाकूड वाळून आटलं, धातू आटला नाही.
चारातली एक खुंटी सैल.
शेरा:
इथं पेन थांबलं.
कंपनीत तीनच शिक्के असतात, पास, रिवर्क, रिजेक्ट,
आणि तिन्ही माझ्या ड्रॉवरला.

टूलरूमच्या भावकाण्णाला म्हटलं,
पडद्यांची टोकं काढायचीत, काहीतरी द्या.
त्यानं कातर दिली.
खिडकीचे नव्हं हो, म्हटलं,
तेव्हा हसत बारीक कानस दिली, आणि चार नंबरची ॲलन की,
खरं सोमवारी परत पायजे म्हणून.

पाव फेरा. रात्रभर थांबायचं. परत पाव फेरा.
लाकडाला घाई चालत नाही, बिडाला चालते.
एकवीस पडदे, बेचाळीस टोकं,
सतराव्याला अंगठा फाडून घेतला.

मग आवाज.
मोकळी जाडी तार सोडली की स्पीकरचा कागद फडफडतो,
डब्यात चुरमुरे हलवावेत तसा.
बारीक तारेवर पाचव्या पडद्याशी सूर
उंबऱ्याला ठेचकाळतो आणि तिथंच बसतो.
आणि काही न वाजवतासुद्धा एक गुणगुण चालू,
हेस्कॉमची वीज स्वतःशीच गाते ती.
शोधून बघितली:
जाड्या तारेचा तिसरा पडदा. किंचित चढी.
आमच्या अख्ख्या वडगावची पट्टी ही, म्हटलं,
आणि कुणी मला सांगितलंच नाही.

आईनं एकतीस वर्षं माग चालवला.
तिच्या कानातनं आधी कुकरची शिट्टी गेली,
मग फोन, मग चिमण्या.
माझं नाव शशिकला. त्यातले दोन्ही श
तिच्यापर्यंत येत नाहीत आता, वाटेत कुठं सांडतात देव जाणे.

रविवारी दुपारी ती पाठमोरी तांदूळ निवडत होती.
मी तिसरा पडदा दाबला, सोडला.
सूप थांबलं.
"कुणाचा माग चालू झाला गं, सुट्टीच्या दिवशी?"

मग उठून आली. हात पदराला पुसला,
कापडाचा पोत बघायला ठेवायची तसा तळवा ठेवला बॉडीवर,
तिथनं मानेवर सरकवत नेला.
"वाजव. पुढचं. पुढचं."
बारीक तारेचा पाचवा आला तसं म्हणाली,
"हितं धागा तुटतोय बघ."

मी वहीत लिहिलं होतं तेच,
तिला वही वाचता येत नाही.

परत जाडीवर आले. तिचे डोळे मिटलेले,
ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावी,
पिकं किंवा पगार.
तेवढ्यात लाईट गेली.
स्पीकर मेला, पंखा दोन फेरे घेऊन थांबला,
गल्लीची गुणगुण एका झटक्यात कापली गेली
आणि माझ्या हातात राहिला
प्लायचा आणि तारेचा एक पुटपुटता आवाज,
जो पलंगापलीकडं कुणाला ऐकू गेला नसता.
मी बोट उचललं.

"थांबलीस का?" आई म्हणाली,
तळवा न काढता. "चांगलं चाललंय की."