दाताळं

कंपनीचं पत्र आलं तेव्हा समुद्र काठाशी गोठू लागला होता.
साडेतीन ओळी. आपल्याकडील उपकरणासाठी
एकतीस डिसेंबरनंतर सुधारणा मिळणार नाहीत.
खाली सही नव्हती, आभार होते.

हिउमा बेटावर आमची पंपघरं चौदा.
प्रत्येकात भिंतीवर एक करडी डबी, जेवणाच्या डब्याएवढी,
आत सोळा वर्षांपूर्वीचं लिनक्स.
टाकीतली पातळी बघतं, मोटर लावतं, बंद करतं,
आणि कुणी दार वाजवलं तर उघडतं.
कुणीही वाजवलं तरी.

नव्या डब्यांचा आकडा ऐकून नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या,
पाणी येतंय ना?
येतंय.
मग?

मग मी झाकण काढलं.
पाटीवर तीन पिना सापडल्या, त्यांना तारा डाखल्या, आत शिरले.
परवलीचा शब्द म्हणजे कंपनीचंच नाव.
टेलनेट बंद. वेबचं पान बंद.
नवा कर्नल मावेना, आठ मेगाबाइटात कोंबणार तरी किती,
म्हणून जुन्यालाच ठिगळं लावत बसले.
दोरासुद्धा त्याच जमान्यातला लागतो:
तेव्हाचा कंपायलर मिळवण्यात एक आठवडा गेला.
चौदाही डब्यांपुढे फायरवॉल बसवली.
एवढं करून घड्याळाचा सेल मेलेलाच.
वीज गेली की डबी जागी होते
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला.
सगळी प्रमाणपत्रं तिला भविष्यातली वाटतात,
ती कुणावरच विश्वास ठेवत नाही.

हेल्दुर हसला.
सत्तर साली मी नऊ वर्षांचा, याच बेटावर.
तेव्हाही हेच होतं.
किनारा म्हणजे सरहद्द. अंधार पडायच्या आत
शिपाई वाळूवर दाताळं ओढत जायचे,
सकाळी पाऊल दिसलं की घरोघर चौकशी.
बापाच्या होडीला साखळी, साखळीची किल्ली चौकीत.
लॉग म्हणजे तीच वाळू, केर्तू.
रोज दाताळं मार.
माणूस आत आला की बाहेर गेला
ते टाचेवरून कळतं.

ऑक्टोबरात तो निवृत्त झाला.
केक, भाषण, विणलेली टोपी.

जानेवारी. उणे एकवीस.
सात नंबरच्या लॉगमध्ये, पहाटे तीन दहाला,
पाऊल.
दुसऱ्या रात्रीही. तीन दहा.
तोडफोड नाही, चोरी नाही,
कुणीतरी येऊन पाइपचं तापमान वाचलं आणि माघारी गेलं.
माझ्या बोटांतलं रक्त कुठे गेलं कळेना.
मग टाच बघितली.
मी नोकरीला लागायच्या आधीचं एक दार होतं,
कुठल्याच वहीत न लिहिलेलं.
माग जात जात पोचला
जुनिपरच्या झुडपांमागच्या पिवळ्या घरात.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,
सातचा पाइप उघड्यावर आहे. दहा साली फुटला होता.
थंडी पडली की झोप लागत नाही.
त्याच्या स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब सोडलेला,
गोठू नये म्हणून.
मी म्हटलं, तू शिरू शकतोस तर कुणीही शिरेल.
माहीत आहे, म्हणाला. बंद कर.
तुझ्या जागी मी असतो तर कालच केलं असतं.

त्याच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला.
किल्ली पुसायला एक ओळ लागते.
ती टाइप करताना मी दोनदा चुकले.
तो पाठमोरा उभा राहून
बराच वेळ एकच कप धूत होता.

आता पारा उणे पंधराच्या खाली गेला
की तीनचा गजर माझ्या घरी वाजतो.
तीन दहाला फोन.
तो हॅलो म्हणत नाही.
चार अंश, मी सांगते.
चार, तो म्हणतो, आणि ठेवून देतो.

सकाळी लॉग उघडते.
वाळू सपाट,
एकच पाऊल, माझं.