अंगवळणी

तापातून उठला तेव्हा नुगझारचं
मानेखालचं सगळं परक्याच्या स्वाधीन झालेलं.
हात होते. भाजलं तर भाजायचे, दुखायचेही.
फक्त कुठे आहेत
ते सांगेनासे झाले.

कुताइसीत, रिओनीच्या काठी, त्याची भट्टी:
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी, वर तोंड.
तीस वर्षं कमरेपर्यंत आत वाकून
तो तापल्या भिंतीला पावाच्या होड्या थापत आला,
तोंडानं निवडणुकीला शिव्या देत.
हातांना त्यानं कधी काही विचारलं नव्हतं.

आता विचारतो.
डावा, वर ये. अजून. मिटू नको.
डोळ्यांत तेल घालून राखण करतो
स्वतःच्याच कोपराची.
नजर ढळली की हात हिंडायला निघतो.
एकदा त्सिआलाच्या गालावर जाऊन टेकला.
ती म्हणाली, इतक्या वर्षांत आज,
आणि तेही चुकून!

मी त्याच्याकडे पीठ मळायला.
एकदा विचारलं, मग आत कोण असतं?
त्यानं गुडघ्यांवरची नजर काढली नाही,
काढली असती तर ते वाकले असते.
म्हणाला, मीच असतो रे.
घर माझंच आहे,
जिना तेवढा रोज नव्यानं बांधावा लागतो.

त्या वर्षी वीज मनाला येईल तेव्हा जायची.
जानेवारीतल्या एका पहाटे गेली
आणि खिळ्यावरून एप्रन गळावा
तसा तो गळला.
भट्टीच्या तोंडाशी निखाऱ्यांचा लाल गोल,
बाकी काही नाही.

हलू नकोस, म्हणाला,
आधी माझा हात शोध.
मी चाचपडलो. त्याच्याच पाठीखाली होता,
पिठानं माखलेला.
दोन्ही हातांत घेतला.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ऊब लागतेय,
म्हणजे धरलायस.
कुठे, ते मला विचारू नकोस.

काड्यापेटी काढावी असं मनात आलं,
तर माझा उजवा
केव्हाच खिशात पोचला होता.
कुणी पाठवलं त्याला?
अंधारात मला त्याची लाज वाटली,
चोरून खाताना सापडल्यासारखी.

काडी पेटली.
नुगझारनं आधी पाय पाहिले,
मग हात, एकेक बोट,
हजेरी घेतल्यासारखे.
मग मला.

पीठ फुगून वर आलं असेल, म्हणाला. बघ जरा.