शीट नंबर चौदा

एकतीस वर्षं मी जंगल रंगवलं
इंदूरच्या वनखात्यात, पहिल्या मजल्यावर.
खिडकीतून दिसायचा एक कडुनिंब
आणि सायकल स्टँड.
सागाला गडद हिरवा, मिश्र झाडीला फिका,
उताराला केसासारख्या रेषा.
चोरलपलीकडची टेकडी माझ्या हाताखालून
कितीदा गेली. मी तिथे कधी गेले नाही.

रिटायर झाल्यावर निरोप आला:
गावाला हक्काचा दावा टाकायचाय, नकाशा हवा,
बाई, तुम्ही काढता असं ऐकलं.
रामबागेतून निघाले, पहाटेची बस,
पुढे वेस्ताच्या मोटारसायकलवर
ट्रेसिंगची गुंडाळी छातीशी धरून.

थावलीआजी पुढे चालते.
थावर म्हणजे शनिवार, त्या दिवशी जन्मलेली.
हातात विळा, पायात नातवाचे जुने बूट.
इथे काय लिहू?
लिही, अस्वलीचं पाणी.
(माझ्या शीटवर: कक्ष क्रमांक दोनशे सात.)
इथे धावडा. डिंक एका अंगानेच काढायचा,
पुढच्या साली दुसऱ्या. सालीवरच्या
खाचा चाचपून ती माणसं ओळखते:
ही नानकाची, हावरा होता.
ही माझ्या नवऱ्याची. उथळ.
मोहाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून घ्यायचा,
आणि जो जाळील त्याने
सलग दोन उन्हाळे डोंगर राखायचा.
हे कुठे लिहिलंय का?
वेस्ता हसला. म्हणाला, मी राखलाय ना,
दोन उन्हाळे.

मग उतारावर ओढा.
चैत्रातला, नुसत्या गोट्यांचा,
मध्ये तळहाताएवढी ओल.
मी शीट उघडली. शीटवर ओढा नाही.
सही माझी. साल सत्याऐंशी.

आठवलं. सर्व्हेअरच्या वहीवर चहा सांडला होता,
साहेबांना संध्याकाळच्या आत शीट हवी होती,
निळी शाई संपत आलेली.
त्या वर्षीची कूपाची तोड
माझ्या कोरड्या कागदावरून सरळ गेली.
दोन्ही काठांचे अर्जुन. थावली बोटाने दाखवते,
इथे एक, इथे एक, इथे दोघं जोडीने.
खुंटांची मातीसुद्धा झाली,
तरी ती त्यांना वळसा घालून चालते.

मी सांगितलं तिला.
बराच वेळ ती विळ्याच्या मुठीवरचा चिखल खरवडत राहिली.
मग म्हणाली,
तुझं अक्षर चांगलं आहे असं सांगत होते.

दुपारी मोहाखाली सगळे जमले.
कागदाच्या चारी कोपऱ्यांवर दगड.
निळ्या शाईची नवी बाटली फोडली, ओढा काढला,
त्याची वळणं पोरांनी भांडून ठरवली.
कुरण. मोहाची राई. बंद ठेवलेला डोंगर,
तो कोणत्या साली उघडायचा, कुणाच्या गुरांना आधी.
देवाच्या झाडीमागे एक घळ उरली.
इथे?
बायका एकमेकींकडे बघू लागल्या.
कुणीतरी म्हणालं, मुळं आहेत, बाळंतिणीची.
दुसरी म्हणाली, गेल्या साली जीपवाले विचारत होते,
किलोचा भाव सांगत होते.

तिथे काही काढू नको, थावली म्हणाली.
या वेळी मुद्दाम.

मी निब पुसलं, टोपण लावलं.
परतीच्या बसमध्ये गुंडाळी मांडीवर होती,
सिमरोलपर्यंत ओल्या शाईचा वास येत राहिला.