एकोणिसावा

आकडा जरा सावकाश उच्चारून बघा: एकोणीस.
एक उणा वीस.
मोजायला बसलं तेव्हाच
कुणीतरी कमी होतं.

मर्व्ह ट्रिफिट, ह्युऑन नदीकाठच्या सफरचंदांच्या बागेतला.
उंची सहा फूट दोन इंच, बोलणं बेताचं.
टास्मानियाच्या संघात राखीव.
अठरांपैकी कुणी लंगडला तर तो आत जायचा,
नाहीतर बाकावर, खांद्यांवर घोंगडी.
मी कपडेवाला. जर्स्या, बुटांचे खिळे,
चिरलेली संत्री, चोळायचं तेल, सगळं माझ्या पेटीत.

जुलै महिना. घरी छाटणीचे दिवस.
त्याच्या वाटच्या चार ओळी धाकटा भाऊ छाटणार होता
आणि वाईट छाटणार होता.
रात्रभर बोट, सामुद्रधुनीत निम्मा संघ ओकत,
मग आगगाडी, मग दुसरी, मग तिसरी, चौथी,
कारण एका राज्याचे रूळ दुसऱ्या राज्याला बसत नाहीत
आणि आम्ही चाललेलो सगळ्या राज्यांच्या स्पर्धेला.
नलरबॉरच्या माळावर सकाळपासून सकाळपर्यंत
एक झाड नाही.
ट्रिफिट खिडकीशी. म्हणाला,
"इथं छाटायचं काय?"
अख्ख्या प्रवासात एवढंच.

पर्थला हॉटेलच्या मागल्या व्हरांड्यात मी दोरी बांधली.
पहिला सामना हरलो. रात्री टबात जर्स्या टाकल्या:
हिरव्या, छातीवर आमच्या बेटाचा नकाशा,
नकाशावर चिखल, एकावर रक्त.
ढिगाच्या वर एक घडी न मोडलेली, एकोणीस नंबरची.
मी म्हटलं, ही कशाला?
तो दारात उभा. "धुवा की," म्हणाला, "सगळ्यांबरोबर."
धुतली.
दुसऱ्या सामन्यानंतर धुतली. तिसऱ्या सामन्यानंतरही.
क्वीन्सलंडला हरवलं त्या दिवशी
वीस नंबरचा लिंडसे विगिन्सदेखील आत जाऊन आला,
आणि जेवताना त्याच्याच गुडघ्याची चर्चा.

शेवटचा सामना व्हिक्टोरियाशी.
त्यांच्या संघात आमच्याच गावांतली तीन पोरं,
चांगल्या पगारावर मेलबर्नला गेलेली.
त्यातला डार्सी बेसेल आमच्या बाकापाशी थांबून
"आई कशी आहे?" विचारून गेला
आणि पुढच्याच मिनिटाला आमच्यावर गोल मारला.
शंभरावर गुणांनी आम्ही मागं.
लोक ट्रामसाठी उठायला लागले होते
तेव्हा आमच्या मधल्या फळीतल्याचा घोटा मुरगळला.
उरली होती चार मिनिटं.
ट्रिफिटनं घोंगडी काढून
नीट घडी केली, मग पळाला.

तो चेंडू गोल नसतो.
एकदा टप्पा पडला की कुणाचा सगा नाही.
पहिल्यांदा ट्रिफिटच्या पायाशी पडला
आणि उलटा फिरून भलत्याच्याच हातात गेला. कुणीतरी हसलं.
दुसऱ्यांदा वरून आला.
वरून येणाऱ्या गोष्टी त्याला कळत असाव्यात,
शिडीवर उभं राहून हात वर करण्यात वर्षं गेलेली.
दोघांच्या खांद्यांवरून
त्यानं तो झेल असा उतरवून घेतला,
देठासकट.

मग किक. सरळ असती तर सहा गुण.
वाऱ्यानं म्हणा, पायानं म्हणा,
मधल्या खांबाला चाटून बाजूच्या फटीतून गेली.
पांढऱ्या कोटातल्या पंचानं एक बोट दाखवलं,
दोनातलं एकच निशाण हलवलं.
एक गुण.
एकशे पंचावन्न विरुद्ध पन्नास होते,
एक्कावन्न झाले.

त्या रात्री टबापाशी बसलो
आणि एकोणीस नंबर सापडेना.
रोज वरच असायची.
सगळ्या सारख्याच मळलेल्या,
एकेक उलटून पाहावी लागली.

भावानं छाटलेल्या ओळी
ट्रिफिटनं घरी गेल्यावर पुन्हा छाटल्या,
असं नंतर कुणीतरी सांगितलं.