मागचं वजन

पाच फेऱ्या होत्या हंगामात.
अडावद, लासूर, चहार्डी, हातेड,
शेवटची चोपड्याला, बंद जिनिंगच्या आवारात.
पऱ्हाट्या उपटून झाल्या की सुरुवात.

रिकामी पिकअप वळणावर मागून उडते,
म्हणून हौद्यात एक माणूस बसवायचा, नियमच होता.
गाडी झुलालभाऊची. मी वजन.
"तू खाली वजन शे, भो," तो म्हणे,
"पन तुनाबिगर गाडी नाचस."

डावं वळण आलं की डावीकडे झोकायचं,
कंबर बाहेर, बोटं फाळक्याच्या कडीत.
तोंडात माती. काळी;
लासूरला मात्र तांबूस,
दाताखाली दोघींचा आवाज वेगळा.

आख्खा हंगाम मी उलटा पाहिला:
मागे पडत जाणारी अय्युब तडवीची निळी गाडी,
पट्टा तुटलेला सुपडू,
रेडिएटरवर कळशी ओतणारी त्याची बायको,
चुन्याची रेघ, रेघेवरचं कुत्रं.
पुढे कोण आहे ते धुळीवरून कळे.
जाड धूळ म्हणजे दोघं-तिघं,
पातळ म्हणजे एकच.
आणि एकदा, हातेडला, दीड चक्कर,
धूळच नव्हती.

त्याच दिवशी अय्युबचं वजन, विलास पावरा,
फाळक्यावरून गेला. खुबा मोडला.
कमिटी बसली, चहा झाला, ठरलं:
माणसाऐवजी वाळू.

चोपड्याला मी दोरीच्या अलीकडे उभा.
माझ्या जागी युरियाच्या दोन गोण्या,
तोंडं सुतळीने शिवलेली,
तीही मीच शिवली.
पहिल्यांदा आमची गाडी समोरून येताना पाहिली.
भाऊचा चेहरा पाहिला.
जीभ दातांत धरलेली,
लहानपणी पतंगाला गाठ मारताना धरायचा तशी.
वळणावर मी झोकलो.
शेजारचा म्हातारा म्हणाला, चक्कर आली का, बाबा?

तिसरे आलो.
म्हणजे तो आला.
बक्षीस एक स्टेपनी, पाच लिटर ऑइल.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौदा धुतला,
वाळू ओट्याजवळ रिकामी केली,
पानं अंथरली, घड भरले.
वीसच्या वर न्यायची नाही, घड काळे पडतात.
मी पुढे, त्याच्या शेजारी.

गावाबाहेरच्या वळणाला
खांदा दारावर आपटला माझा.
भाऊ हसला नाही.
समोर बघतच म्हणाला,
"काच खाले कर, भो.
हवा येऊ दे."