पंच क्रमांक दोन

रात्री नऊला सून टीव्हीचा आवाज वाढवते.
पडद्यावर रंकाळा. पुन्हा रंकाळा.
झालं ते उद्यमनगरात, लेथच्या कारखान्यामागं.
तिथनं रंकाळा दिसत नाही,
भंगाराचा ढीग दिसतो आणि एक गळका नळ.

नावं बदललीत.
त्याला घारे डोळे दिलेत, आईविना बालपण दिलंय,
खिडकीशी उभं राहून बोलायला लांबलचक वाक्यं.
नखं मात्र स्वच्छ.
मी पाहिलीत ती नखं, कोर्टात, कठड्यावर.
जन्मठेप ऐकताना
तो अंगठ्यानं त्यांतलं काळं तेल कोरत होता.

शैलजा घोटणेला दोनच प्रसंग.
एकात हसते. दुसऱ्यात चादर.
दुकानादुकानातनं पिग्मी गोळा करायची ती,
हे एका वाक्यात, तेही हवालदाराच्या तोंडी.

मला पोलिसांनी रस्त्यावरनंच हाक मारली, पंच म्हणून.
मोठ्यानं सांगत गेले, तसं लिहीत गेले:
छत्री एक, दांडा मोडलेला.
डबा एक, आत अर्धी भाकरी, खर्डा.
वही एक, निळ्या पुठ्ठ्याची.
सही कर म्हणाले. केली.
मोटारी भरून हात वार्निशचे,
कागदावर बोटं उठली.

वहीत शेवटची ओळ होती:
म्हाळुंगे रिवाइंडिंग, रु. २०.
म्हणजे मी.

वकिलानं विचारलं, सही तुमचीच?
होय.
संपलं.

वीस रुपयांसाठी तिला किती वेळ थांबवलं
हे कुणी विचारलं नाही.
माझ्याकडं शंभराची नोट. सुटे आणतो म्हटलं,
कोपऱ्यावर गेलो, चहा घेतला,
खासबागेतल्या कुस्तीवर कुणाशीतरी वाद घातला,
जिंकलोही बहुतेक.
परत आलो तर ती माझ्या स्टुलावर बसून
दिवसाची बेरीज करत होती.
रस्त्यावर दिवे लागलेले.
उशीर केला की गं.
'नाही हो काका. तेवढेच पाय टेकले.'

जाहिराती लागतात.
सून वळून विचारते,
'मामा, तुम्ही होता ना त्या केसमध्ये?
अस्संच झालेलं का सगळं?'

डाळ गार झालीय. मी भाकरी मोडतो.
'छत्री दाखवली नाही त्यांनी,' म्हणतो.